लाल पिन, पांढरी पिन

कन्हेरी, २ फेब्रुवारी

अप्पा,

पत्राच्या डोक्यावर काय काय लिहायचं असतं ते शाळेत शिकवलं तेव्हा मी वर्गात कमी आणि कॅनॉलवर जास्त होतो, म्हणून सरळ पाया पडतो. मी ऋतिक. तुमच्या भावाचा पोरगा. भाऊ हा शब्द वाचून कागद बाजूला ठेवला असेल तर परत उचला, पुढं दोन डब्यांची गोष्ट आहे.

फोन केला होता. कन्हेरीचा नंबर दिसला की तुम्ही कापता. तुमची सुकन्या म्हणाली, "अप्पांना पत्र लिही. पत्र कापता येत न्हाय, लई तर फाडतील." ती कॉलेजला बारामतीला येते तेव्हा आमच्या दुकानावरून जाते, तेवढंच बोलणं होतं. तिला रागावू नका. हे पत्र तिच्याच दप्तरातून भवानीनगरला येतंय.

मी परत आलोय. मधे कुठं कुठं होतो ते सांगत बसलो तर डबे राहून जातील. हुबळीला लोकरीच्या गोदामात होतो, मग पणजीला हॉटेलात, मग साताऱ्याकडं एका डीजेच्या गाडीवर. हुबळीला एक भारी गंमत झाली होती, ती नंतर सांगतो. आता बारामतीत सिकंदरचाचांच्या साउंडच्या दुकानात आहे. मशिदीचा भोंगा बिघडला तरी त्यांच्याकडं आणि देवळाचा बिघडला तरी त्यांच्याकडं. चाचा म्हणतात, "माझ्याकडं समदे देव मुके होऊन येत्यात आन बोलत जात्यात."

तर डबे. बारामतीतल्या एका बंगल्यानं टीव्हीखाली आवाजाची ती लांब पट्टी बसवली आणि जुने स्पीकर दुकानात आणून टाकले. लाकडी, शेरडाएवढे उंच, पुढं काळं कापड. चाचांच्या दुकानात पाय ठेवायला जागा नाही. म्हणाले, "घिऊन जा बाबा. न्हायतर तुझी रशीदाचाची माझ्यासकट भंगारात घालंल." एक जुना अँप्लिफायर आणि एक सीडी प्लेअरही दिला. सगळं टेम्पोत घालून कन्हेरीला आणलं.

आईनं दारातच विचारलं, "ही कुनाची कपाटं आणलीस रं?"

"कपाटं न्हाईत, बाजा हाय."

"मग वाजव की. दारात काय हुबा केलास?"

मी वाजवला. मला एकच पद्धत माहीत होती, गाडीवरची. एकावर एक रचायचे, भिंतीला टेकवायचे, आवाज सोडायचा. पत्र्याची खोली तुम्हाला माहीत आहे. पत्रा थडथडला, मांडणीवरून ताटली पडली, कोंबड्या शेजाऱ्यांकडं राहायला गेल्या. तुमचे दादा, माझे आबा, ओट्यावर सुतळी वळत होते. उठून देवळाकडं गेले.

ते गाण्याच्या आवाजाला अजून तसेच उठून जातात. आता ते कारण लिहितो. तुम्हाला माहीत आहे, पण मला जसं माहीत आहे तसं लिहितो, चुकलं तर सांगा.

पुण्याच्या सृष्टी मॅडम आल्या होत्या, ओव्या भरून घ्यायला. तुम्ही आणि आबा समोरासमोर बसलात, मधे आजा ढोल घेऊन. तुमची ती रीत, एकानं ओळ सोडायची, दुसऱ्यानं जमिनीवर पडायच्या आत झेलायची. मॅडमनी सीडी तुमच्या हातात दिली आणि तुम्ही ती बिरोबाच्या यात्रेत भोंग्यावर लावायला दिलीत. अख्ख्या गावापुढं तुमचा आवाज खणखणीत, आणि आबांची ओळ आली की विहिरीच्या तळातून कोणी बोलावं तसं. लोक हसले. कोणीतरी ओरडलं, "सिद्धूराव, तुमी नुसतं तोंड हलवीत व्हता का?" आबांनी सगळ्यांसमोर तुम्हाला म्हटलं, तू माझा आवाज कापून घेतलास. तुम्ही म्हणालात, दादा स्वतःच्या तोंडानं ये म्हणंल तवाच त्याचा उंबरा चढंन. मग तुम्ही भवानीनगरला, आबा इथं. आजा त्याच्या पुढच्या वर्षी गेला, तेव्हा तुम्ही मातीला ओढ्यावर आलात आणि ओढ्यावरूनच परत गेलात.

हे खरं ना?

यात्रा चैत्रात आहे. बिरोबापुढं सुंबरान मांडायला, जोडीनं ओव्या गायला कोणी नाही म्हणून गावातली माणसं परवा आबांकडं आली होती. आबा म्हणाले, "जोडीबिगर ओवी व्हत न्हाय. आन जोडी आता न्हाय."

मला वाटतं ती आहे. म्हणून लिहितोय.

तुमचा,
ऋतिक

कन्हेरी, ११ फेब्रुवारी

अप्पा,

सुकन्या म्हणाली की तुम्ही पत्र वाचलं, घडी घातली आणि कारखान्याच्या डब्याच्या पिशवीत ठेवलं. फाडलं नाही. म्हणजे दुसरं लिहायला हरकत नाही.

डब्यांचं सांगतो, त्यात लई मजा झाली. एकावर एक रचलेले खाली उतरवले, कारण आई म्हणाली ताटली पुन्हा पडली तर तुलाच त्यात जेवायला घालीन. मग एक ह्या कोपऱ्यात, एक त्या कोपऱ्यात ठेवला. आता बास, म्हणजे खालचा जाड आवाज, एवढा की गाणं कुठलं तेच कळेना. नुसतं ढुम ढुम. ऊस भरलेली ट्रॉली पुलावरून जाते तसं. मला आधी बरं वाटलं, गाडीवर ह्यालाच आम्ही बास म्हणायचो. आईला विचारलं, काय म्हणतोय गाणारा? ती म्हणाली, "गानारा कुठाय? मला वाटलं कुनी पीठ कांडतंय."

चाचांना सांगितलं. ते म्हणाले, बास वाढव. चाचांचं प्रत्येक दुखण्यावर हेच औषध, ते जन्मभर भोंगेवाले. मग मोबाईलवर कोण कोण सांगतात ते बघत बसलो. त्यात एक माणूस म्हणाला, स्पीकर तुमच्या बसायच्या जागी ठेवा आणि तुम्ही खोलीभर रांगत फिरा. कान जमिनीजवळ. जिथं बास गोड लागेल तिथं स्पीकर ठेवा. मला पटलं. मेंढरू कुठं बसलं की थंडी लागत नाही ते त्याच्याबरोबर बसून बघावं लागतं, तसंच हे. आपली जुनी मेंढरं आठवली, त्यातली ती एका डोळ्याची चांदी. ती तुमच्याच मागं फिरायची. असू दे.

तर मी गुडघ्यावर, ढुंगण वर, कान खाली, भिंतीकडेनं चाललोय आणि आबा आत आले.

माझ्याकडं वाकून बघितलं. मग आईला म्हणाले, "सिंधू, पोरगं फिरून फिरून दमलं, आता रांगायला लागलं."

अप्पा, आबा किती दिवसांनी असं बोलले. आई तोंडाला पदर लावून चुलीकडं पळाली.

रांगून कळलं ते असं. कोपऱ्यात बास साचतो, खड्ड्यात पाणी साचावं तसा. भिंतीपासून दोन-अडीच हात पुढं आणलं की तो साचत नाही, चालायला लागतो. प्रत्येक ठोका वेगळा, ठोक्याला सुरुवात आणि शेवट. आणि आपण बसायचं तेही भिंतीला पाठ टेकून नाही. भिंतीला टेकलं की ढुम ढुम परत पाठीत.

मग दोन डबे एकमेकांपासून किती लांब. तेवढेच, जेवढे ते आपल्यापासून लांब. तिकाटण्यासारखं, तिन्ही बाजू सारख्या. टेप नव्हता म्हणून शेरडाचं दावं घेतलं, ह्या डब्यापासून त्या डब्यापर्यंत, मग त्याच दाव्यानं दोन्हीकडून बसायच्या पाटापर्यंत. शेरडू मोकळं सुटून आईची मेथी खाऊन आलं. ते शिव्यांसकट सगळं लिहीत नाही. डब्यांची तोंडं सरळ समोरच्या भिंतीकडं नाही, थोडी आत, पाटाकडं, दोन माणसं तिसऱ्याकडं बघत बसल्यासारखी. आणि उंची कानाएवढी, म्हणून खाली ज्वारीचे पत्र्याचे डबे दिले. आईनं पिठाचा डबा दिला नाही.

एवढं करूनही गडबडच. आवाज गोल गोल फिरत होता, कुठं उभाच राहीना, आणि बास गायब. मी पाट पुढं घेतला, मागं घेतला, देवाला नवस बोललो. आई म्हणाली, "अंगात आल्यावानी करतंय हे. धड हितं न्हाय, धड तितं न्हाय." दुसऱ्या दिवशी दुकानातून आल्यावर बघितलं तर डबे हलवताना एका डब्याच्या मागं तारा उलट्या लागलेल्या. एक डबा पुढं ढकलत होता तेव्हा दुसरा मागं ओढत होता. दोघं चांगले, दोघांचा जोर सारखा, पण एकमेकांचं खाऊन टाकत होते.

तारा सरळ केल्या. आणि अप्पा, बाई उभी राहिली. गाणारी बाई, दोन डब्यांच्या बरोबर मधे, जिथं काहीच नाही. आईनं ऐकलं, उठली, दोन डब्यांच्या मधे गेली आणि हात फिरवून बघितलं. मग माझ्याकडं बघून म्हणाली, "हितं कुनी न्हाय की रं!"

एक गोष्ट राहिली. पत्रा आणि सिमेंटची भिंत, आवाज आपटून परत येतो. मोबाईलवाला म्हणाला भिंतीवर जाड काहीतरी टांगा. गालिचा वगैरे. आपल्याकडं गालिचा कुठला. आई पेटी उघडून एक घोंगडं घेऊन आली. काळं, काठाला पांढरी रेघ, कडुलिंबाच्या पाल्यात घडी घातलेलं. पाला ताजा होता, अप्पा. म्हणजे वर्षाच्या वर्षाला बदलतात. मी विचारलं कोणाचं. ती म्हणाली, "भावजींचं. जाताना ऱ्हायलं." आणि पाला कोण बदलतं ते विचारल्यावर तिनं ओट्याकडं बघितलं. ओट्यावर आबा होते.

तुमचं घोंगडं आता भिंतीवर आहे. खोली एकदम शहाणी झाली.

तुमचा,
ऋतिक

ता. क. पाय दुखतो म्हणे. शिफ्टला उभं राहून राहून असेल. तेल लावा.

बारामती, १४ फेब्रुवारी

अप्पा,

हे दुकानातून घाईत लिहितोय, गिऱ्हाईक आलं तर अक्षर बिघडेल. आधीच बिघडलेलं आहे.

त्या पेटीत तळाशी, आईच्या लुगड्याच्या घडीत सीडी होती. तीच. सृष्टी मॅडमची. आबांनी ती यात्रेतून उचलून आणून उकिरड्यावर टाकली होती, आईनं उचलून पुसून ठेवली. मला म्हणाली, "तुझा आबा शिवाराला जाऊ दे, मग लाव."

लावली. आणि मी पाटावरून उठलोच नाही.

डाव्या डब्यात आबा. उजव्या डब्यात तुम्ही. दोघंही खणखणीत. आबांचा आवाज कुठंही कापलेला नाही, विहिरीत नाही, समोर दारापाशी बसल्यासारखा. ते ओळ सोडतात ती डावीकडून निघते, खोलीतून आडवी जाते आणि तुम्ही उजवीकडं झेलता. माझी मान इकडून तिकडं, इकडून तिकडं, विटीदांडू बघताना होते तशी. आणि मधे, जिथं गाणारी बाई उभी राहिली होती तिथं, आज्याचा ढोल. भोंग्यावर तो ऐकू आलाच नव्हता, भोंग्याला बासच नसतो, नुसता टक टक यायचा. इथं तो जमिनीतून आला. आज्याची थाप पडल्यावर कातडं थरथरत राहायचं ना, ते थरथरणंसुद्धा. एका जागी आजा खोकलाय. आई चुलीपुढून उठून दारात आली, "मामंजी" म्हणाली आणि डोक्यावरून पदर घेतला. सवयीनं.

मग यात्रेत काय झालं?

मी सीडी प्लेअरच्या मागं बघत बसलो. दोन पिना आहेत, एक लाल, एक पांढरी. पांढरी म्हणजे डावा डबा, लाल म्हणजे उजवा. आणि मला यात्रा आठवली. मी तेव्हा मांडववाल्याच्या अँप्लिफायरपाशीच बसलेलो असायचो, दिवे बघत. त्याच्या यंत्राला भोक एकच होतं. त्यानं लाल पिन घातली आणि पांढरी तशीच लोंबत सोडली. मला ती एवढ्यासाठी लक्षात आहे की एक करडू येऊन ती चघळत होतं आणि मांडववाला त्याला हाकलत होता.

अप्पा, आबांचा सगळा आवाज त्या करडाच्या तोंडात होता.

मॅडमनी दोघांपुढं एकेक माईक ठेवला होता. तुमचा माईक लाल पिनेत, आबांचा पांढऱ्या पिनेत. भोंग्याला फक्त लाल मिळाली. आबांचा आवाज तुमच्या माईकमधे लांबून जेवढा शिरला तेवढाच गावानं ऐकला. कोणी कापला नाही. तुम्ही नाही, मॅडमनी नाही. मांडववाल्यानंही नाही, त्याला सगळ्या सिनेमाच्या गाण्यांत एक पिन पुरायची.

चाचांना दाखवलं. त्यांनी चष्मा वर केला, पिन हातात घेतली आणि म्हणाले, "या अल्ला. मी बी जन्मभर एकच पिन लावत आलो की."

सुकन्या म्हणते, मोबाईलवर पाठव, अप्पा लगेच ऐकतील. मी नाही पाठवत. तिच्या मोबाईलला आवाजाचं भोक एक आहे. पुन्हा अर्धंच ऐकाल आणि पुन्हा कोणीतरी उठून जाईल. हे पाटावर बसूनच ऐकायचं आहे.

गिऱ्हाईक आलं.

ऋतिक

कन्हेरी, २० फेब्रुवारी

अप्पा,

सुकन्यानं सांगितलं. तुम्ही शिफ्ट सुटल्यावर कारखान्यातल्या इलेक्ट्रिशियनला गाठलंत आणि विचारलंत, एका पिनेत अर्धाच आवाज येतो हे खरं का. तो म्हणाला, खरं. मग तुम्ही त्याला पुन्हा विचारलंत. मग चहा पाजलात. आणि घरी येऊन म्हणालात, "मला इचारलं असतं तर मी काय सांगणार व्हतो? मला तरी कुठं ठावं व्हतं." आणि पोरीला म्हणालात, पण उंबऱ्याचं बोललो ते बोललो.

बरं. तुमचं ते बोलणं मी आबांना सांगितलं नाही. आबांचं इथं काय चाललंय ते ऐका.

मी त्यांना सगळं सांगितलं. लाल, पांढरी, करडू. ते सुतळी वळत होते, वळत राहिले. शेवटी म्हणाले, "ज्या करडानं तार खाल्ली त्याला इचार जा."

"आबा, नुसतं आत येऊन ऐका. पाटावर बसा."

"मला काय ऐकायचं हाय? मी गायलो व्हतो, मला ठावं हाय."

आई म्हणाली, "मग कशापायी रुसून बसलाय इतकी वर्सं?"

"मी रुसलो न्हाय."

"न्हाय, न्हाय. घोंगड्याचा पाला उगंच बदलताय."

ते उठून गेले, पण देवळाकडं नाही. गोठ्याच्या मागं, खोलीच्या खिडकीखाली, जिथून आतलं ऐकू येतं. मी सीडी लावली, आवाज मोठा केला नाही. खिडकीखाली ऐकलं तर दोन्ही डबे एकच होतात, उजवं डावं काही कळत नाही, हे मला माहीत होतं. त्यांनाही ते कळलं असावं. कारण थोड्या वेळानं खिडकीतून आवाज आला, "माझी बाजू कुठली?"

मी म्हणालो, "आत आल्यावर कळंल."

आले नाहीत. मी चुकलो का अप्पा, नीट उत्तर द्यायला पाहिजे होतं का? कोणाला बोलवायचं असलं की मी नेमका शहाणपणा करतो. हुबळीलाही तेच झालं होतं, पण ते जाऊ दे.

तुम्ही दोघं एकमेकांची वाट बघत दोन कोपऱ्यांत बसलाय. मला सारखे ते पहिले दिवस आठवतात. कोपऱ्यात ठेवलेले डबे.

ऋतिक

कन्हेरी, २३ फेब्रुवारी, रविवार

अप्पा,

हे सावकाश वाचा. मी सावकाश लिहितोय, माझ्या मानानं.

आज दुपारी आई मोरगावला गेली होती, गणपतीला. मी दुकान नाही म्हणून घरीच. जेवून पडलो होतो. डोळा लागला असेल. जाग आली ती खुडबुडीनं. बघतो तर आबा डाव्या डब्यापुढं उकिडवे बसलेत आणि त्याच्या काळ्या कापडावर हात ठेवून आहेत, मेंढराच्या पोटावर ठेवतात तसा.

"ह्यो माझा का?"

"व्हय."

"आन त्यो त्याचा."

"व्हय."

"लाव."

मी लावली. आबा पाटावर बसले नाहीत, पाटामागं उभे राहिले. मी म्हणालो, बसा, उभ्यानं बरोबर येत नाही, कान डब्याच्या रांगेत पाहिजेत. "गप," म्हणाले, आणि बसले.

पहिली थाप पडली. मधोमध. आबांनी मान वर केली आणि डब्यांच्या मधल्या मोकळ्या जागेकडं बघितलं, जिथं तुमचं घोंगडं टांगलंय. तिथंच बघत राहिले. त्यांच्या तोंडून "आबा" असं आलं. मला कळायला वेळ लागला की ते त्यांच्या आबांना म्हणाले.

मग डावीकडून त्यांची स्वतःची ओळ निघाली. "बारा वाटांचा माळ गा, मेंढी कुन्या वाटंनं गेली." उजवीकडून तुम्ही, "गेली गा, गेली, धन्याच्या हाकंच्या वाटंनं गेली." आबांची मान माझ्यासारखी इकडं तिकडं झाली नाही. ते सरळ बघत होते. तुम्हाला दोघांना त्याची गरज पडत नसणार.

सगळी ओवी ऐकली. आजा खोकला तिथं हसले. संपल्यावर मी यंत्र बंद करायला उठलो.

ते म्हणाले, "माझा डबा बंद कर."

म्हटलं झालं, पुन्हा तेच. "आबा, तुमचा बंद केला तर फक्त अप्पांचाच येईल. यात्रेत आला तसाच."

"मला ठावं हाय. कर."

मी मागं गेलो आणि पांढरी पिन उपसली. ती लोंबत राहिली, त्या वेळी लोंबत होती तशीच. आबा उठले. डावा डबा दोन्ही हातांनी कवळून ज्वारीच्या डब्यावरून खाली उतरवला, भिंतीकडं सरकवला, आणि त्याच्या जागी स्वतः बसले. मांडी घालून. तोंड थोडं आत, पाटाकडं. जसं डब्याचं होतं तसं. माझ्याकडं न बघता म्हणाले, "पहिल्यापसनं लाव."

अप्पा, उजवीकडून तुम्ही. आणि डावीकडून आबा, जिवंत.

आधी आवाज फुटेना. पहिली ओळ घशातच राहिली आणि तुम्ही तिकडं न सोडलेली ओळ झेललीत, त्यावर ते स्वतःवरच चिडले. दुसरी निघाली. खरखरीत, जुन्या कवाडासारखी. तिसऱ्या-चौथ्याला कवाड उघडलं. आवाज आता म्हातारा झालाय, तुमचा डब्यातला तरुण आहे, तरी ओळ इकडून सुटायची आणि तिकडं झेलली जायची, एकदाही जमिनीवर पडली नाही. ज्या अर्ध्या आवाजापायी ते उठून गेले होते, तोच अर्धा त्यांनी आज स्वतः मागून घेतला आणि उरलेला अर्धा भरला. मधे एका लाल पिनेतून आज्याचा ढोल थोडा उजवीकडं सरकला होता, पण चालत होता. मी पाटावर बसलो होतो. मला डबा दिसत होता आणि आबा दिसत होते, पण डोळे मिटले की दोघंच.

संपलं. आबा घाम पुसत बसले. दारात दोन-तीन माणसं जमली होती, शेजारची. त्यातलं एक म्हणालं, "सिद्धूराव, आज तोंड बी हललं आन आवाज बी आला." आबांनी त्याला अशी शिवी घातली की ती मी लिहू शकत नाही, पण हसत घातली.

मग मला म्हणाले, "तू त्याला पत्रं लिवतोस न्हवं?"

मी लपवलं होतं. त्यांना माहीत होतं. घरात सगळ्यांना सगळं माहीत असतं, मीच एक लपवत बसतो.

"लिव त्याला. म्हनावं, तिसऱ्या वळीला अजून घाई करतोस. माझी वळ संपायच्या आत झेलतोस. तवा बी करायचास, मी बोललो न्हाय. हितं ये, समोर बस, म्हंजी सांगतो."

"ये असं लिवू?"

"मग काय म्हनलो मी?"

"न्हाय, म्हंजी तुमच्या तोंडानं."

"माझ्या तोंडानंच म्हनतुया की रं, गाढवा. लिव. ये म्हनावं."

लिहिलं, अप्पा. त्यांच्या तोंडचं जसंच्या तसं. उंबऱ्याचं तुम्ही जे बोलला होता ते आता पुरं झालं. घाईचं खरं आहे का ते तुमचं तुम्ही बघा. मी तो भाग तीन वेळा ऐकला, मला वाटतं खरं आहे.

येत्या रविवारी शिफ्ट नसेल तर सकाळच्या एसटीनं या. डावा डबा मी पुन्हा जागेवर ठेवलेला नाही, आबा ठेवू देत नाहीत. उजवा आहे तसाच आहे, ज्वारीच्या डब्यावर, तोंड आत. तो उतरवून भिंतीकडं सारायला मी हात लावणार नाही. तो तुमचा तुम्ही उतरवा. जड आहे, पाय सांभाळा.

तुम्ही आलात की सीडी प्लेअर चाचांना परत देऊन टाकतो, मग तो लागणार नाही.

हुबळीची गंमत तुम्ही आल्यावर सांगतो. तेव्हा आठवण करा, नाहीतर मी दुसरंच काहीतरी सांगत बसेन.

पाया पडतो. आबा ओट्यावरून विचारतायत, संपलं का लिहून. संपलं.

ऋतिक